पाचशे रुपयांचा हिशेब

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बायांचं एक दिवसाचं शिबिर घेतलं. विषय होता ‘भ्रष्टाचार आणि आपण’. शिबिरं घेणाऱ्या मैत्रिणींना ठाऊक आहे, असे विषय ऑफिसात बसून ठरतात आणि गावात गेल्यावर आपली फजिती होते. माझीही झाली. नेहमीच्या सवयीनं मी सुरुवातीलाच विचारलं, “भ्रष्टाचार म्हणजे काय?” बराच वेळ कुणी बोलेना. मग मागं बसलेली एक वयस्कर बाई म्हणाली, “भ्रष्टाचार त मोठे लोक करते, ताई. थो टीव्हीवर दिसते. आमच्या इकडं फक्त पैसे द्या लागते.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग फळ्यावर ‘कुठं कुठं पैसे द्यावे लागतात?’ असं लिहिलं, आणि पुढचा अर्धा तास हातातला खडू खाली ठेवता आला नाही. उत्पन्नाचा दाखला. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं. निराधारचा अर्ज पुढं सरकवणं. घरकुलाचा हप्ता. नवरा गेल्यावर सातबारावर वारस म्हणून नाव लावणं. आणि बाळंतपण. तिथं मुलगा झाला की ‘खुशीचे’ जास्त मागतात, मुलगी झाली की कमी. एक जण म्हणाली, “पोरगी झाली म्हणून मले अर्ध्यातच सोडलं, ताई.” हे ती सूट मिळाल्यासारखं सांगत होती. मुलीची किंमत जन्मल्याबरोबर निम्मी होते, हे स्त्रीभ्रूणहत्येवरच्या इतक्या व्याख्यानांत मला कधी इतक्या सरळ कळलं नव्हतं.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला भ्रष्टाचाराच्या व्याख्या होत्या, कारणं होती, उपाय होते. दरपत्रक कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते या बायांना तोंडपाठ होतं.

त्याच आठवड्यात यवतमाळात एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारी निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी जिलबी येईपर्यंत देश पुरता बुडवला. “या देशाचं काही होणार नाही. वरपासून खालपर्यंत सडलंय. इंग्रज बरे होते.” हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल याची गणती नाही. डॉक्टर म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, मोर्चातून दमून परतताना आम्ही कार्यकर्त्याही म्हणतो. या गृहस्थांनी मुलाला शाळेत चिकटवण्यासाठी संस्थेला किती लाख मोजले, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. आणि ते लाख सुनेच्या माहेराकडून कसे वसूल झाले, तेही. सुनेच्या बापानं त्यासाठी शेत विकलं. हुंड्याविरुद्ध आपण चाळीस-पन्नास वर्षं बोलतो आहोत, पण नोकरीच्या बाजारातली लाच आणि लग्नाच्या बाजारातला हुंडा ही एकाच वहीची दोन पानं आहेत, असं आपण फारसं मांडलेलं नाही. असो. मुद्दा हा, की देश बुडाल्याचं दुःख करणाऱ्याला आपल्या घरातल्या पावतीचं कधी काही वाटत नाही. मला या हताशेची चीड येते, आणि ती माझ्यातही आहे म्हणून जास्त येते.

मोठा भ्रष्टाचार खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. विदर्भात राहून तसं म्हणणं शक्यही नाही. 2011-12 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून एक आकडा बाहेर आला आणि गाजला: दहा वर्षांत सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्च आणि सिंचित क्षेत्रात वाढ 0.1 टक्का. जलसंपदा खात्यातलेच मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी 2012 मध्ये पत्रं लिहून निकृष्ट कामांबद्दल आणि फुगवलेल्या खर्चाबद्दल सांगितलं. त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात उपमुख्यमंत्री परत आले. पुढं चौकश्या झाल्या, गुन्हे दाखल झाले, काही फायली बंद झाल्या. आमच्या जिल्ह्यातला कापूस मात्र बहुतेक पावसाच्याच भरवशावर राहिला. ऑगस्टात पावसानं वीस दिवस दडी मारली की दुबार खर्च, मग उधारी, मग सावकार. त्या 70 हजार कोटींचा हिशेब असा कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी घराच्या आढ्याशी येऊन संपतो. आणि तिथून एका बाईचा हिशेब सुरू होतो.

तो हिशेब ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांत चालतो. जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पुढं कितीतरी वर्षं ही रक्कम तेवढीच राहिली. त्याच वर्षी 1 जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातून दुभत्या गायीही वाटल्या गेल्या. गायीचा चारा कोण आणणार आणि पाणी कोण ओढणार, हे अर्थातच कुणी विचारलं नाही.

मदतीसाठी नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा सिद्ध करावा लागतो. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. गावातला सावकार परवाना दाखवून पैसे देत नाही, त्यामुळे ज्या कर्जानं माणूस गेला ते बहुतेकदा कागदावर नसतंच. आणि बाईनं स्वतः विष घेतलं तर? राबली ती शेतात, पण सातबारा तिच्या नावावर नाही, कर्ज तिच्या नावावर नाही. तिचं मरण ‘घरगुती कारण’ या रकान्यात जातं. नियम असे असले की प्रत्येक खरी गोष्ट सिद्ध करायला एखादा खोटा कागद लागतो, आणि तो कागद देणारा माणूस टेबलामागं बसलेला असतो. लाच तिथं उगवते. माणसं वाईट असतात म्हणून ती उगवते, असं मला आता वाटत नाही.

आता मला माझं सांगायचं आहे.

2019 सालची गोष्ट. जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी काम करत होते. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण ते एकच कार्यालय आहे असं मला वाटत नाही. पदरात दोन मुली असलेली एक बाई माझ्याकडं आली. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, सोसायटीचा दाखला, सगळं तिनं प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेलं. तीन वेळा आम्ही दोघी गेलो. तिन्ही वेळा एक कागद कमी. दर वेळेला तिची एक दिवसाची मजुरी बुडाली आणि एसटीचं भाडं गेलं. चौथ्या वेळेला बाबूनं तिच्याकडं पाहिलंच नाही. मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, समजदार आहात.”

मी तिला बाहेर घेऊन गेले आणि म्हटलं, “देऊन टाक.” तिनं पदराची गाठ सोडली. पाचशे रुपये होते.

माझ्या पर्समध्ये त्या दिवशी पैसे होते. तरी मी तिचे देऊ दिले. का, हे बरीच वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. संस्थेच्या हिशेबात ही रक्कम कुठल्या खात्यावर टाकणार, हे एक कारण होतं. खरं कारण वेगळं होतं. मी दिले असते तर लाच मी दिली असं झालं असतं. तिनं दिले, म्हणजे ती बिचारी, परिस्थितीनं गांजलेली. मी तिची हितचिंतक. माझे हात स्वच्छ राहिले.

काम झालं. आमच्या वार्षिक अहवालात ‘एका कुटुंबाला शासकीय मदत मिळवून दिली’ अशी ओळ आली. फोटोही छापला.

चारेक महिन्यांनी शेजारच्या गावातली दुसरी एक बाई आली, माझ्यावर चिडलेली. “थो बाबू म्हणते, ताईच्या बाईनं देल्ले, मंग तू काऊन नाई देत?” म्हणजे मी तिथं दर बांधून आले होते. आधी बाबू कधी मागायचा, कधी सोडायचा, कधी शंभरावर भागायचं. आता संस्थेची मोहोर उमटली होती. आणि एवढ्यावर थांबलं नाही. ज्यांच्याकडं पाचशेही नव्हते, त्यांच्यातली एक तरणी विधवा होती. तिला रात्री फोन यायला लागले. “कागद घेऊन एकटीच ये.” तिनं आम्हाला सांगितलं नाही. फाईल सोडून दिली आणि मुलाला घेऊन माहेरी निघून गेली. मला हे कळलं तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं.

यावर आपण काय करतो? लाचेचा प्रश्न आला की तो ‘भ्रष्टाचारविरोधी’ लोकांचा, आणि रात्रीच्या फोनचा प्रश्न आला की तो महिला संघटनांचा. बाईला मात्र ही दोन्ही मागणी एकाच टेबलावरून येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली. ‘अनुचित लाभ’ म्हणजे फक्त पैसाच, असं त्या कायद्यात कुठंही नाही. 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यातली पीडित महिला त्या कार्यालयात नोकरीला असलीच पाहिजे, अशीही अट नाही. कामासाठी आलेली बाई तक्रार करू शकते. स्थानिक तक्रार समितीपुढं आपण अशी किती प्रकरणं नेली? मी एकही नेलेलं नाही.

पण 2018 च्या त्याच दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली आहे, आणि आपल्या पत्रकांत तिचा उल्लेख मला कुठं दिसत नाही. लाच देणाराही आता गुन्हेगार आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांकडं किंवा तपास यंत्रणेकडं कळवलं पाहिजे, तरच सुटका. कागदावर हे चांगलं दिसतं. कोट्यवधींची कंत्राटं मिळवणाऱ्या कंपनीला असा धाक हवाच. पण ज्या बाईचा नवरा तीन महिन्यांपूर्वी गेला, जिला तालुक्याला जायला सकाळची एकच बस आहे, तिनं सात दिवसांत काय करायचं? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर मी शिबिरात सांगते. सापळा लावायचा तर नोटा बहुधा तक्रारदारालाच आणाव्या लागतात. पैसे पुढं परत मिळतात, पण उसने आणलेल्या पैशाला थांबायला वेळ नसतो. आणि सापळा लागला की त्या कार्यालयातलं दुसरं कुणीही तिच्या फाईलला हात लावत नाही. त्यामुळे बाया गप्प बसतात. आता त्यांच्या गप्प बसण्याला कायद्याचंही कुलूप लागलं आहे. आठव्या दिवशी ती साक्षीदार राहत नाही, आरोपी होते. त्या हिशेबानं मीसुद्धा.

मला असं दिसतं, की गेल्या काही वर्षांत सरकारी पैसा बाईच्या नावानं वाहायला लागला आहे आणि बाईचं नाव ही एक सोयीची नळी झाली आहे. मुंबईतली ‘आदर्श’ इमारत कारगिलमध्ये लढलेल्यांच्या आणि त्यांच्या विधवांच्या नावानं गाजली. फ्लॅट कुणाला मिळाले ते साऱ्या देशानं वाचलं आणि नोव्हेंबर 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. 2024 मध्ये लाडकी बहीण आली. वर्षभरानं बातमी आली, की 14 हजारांवर पुरुष बहिणी होऊन दरमहा 1500 रुपये उचलत होते. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईकडं नवऱ्याचं किंवा बापाचं आधार मागितलं गेलं. ज्यांचे दोघेही वारले त्यांचं काय, हे नंतर आठवलं. चोरी पुरुषांनीही केली, पण तपासणीची रांग बायांची.

सरपंचबाईंचं तर विचारूच नका. 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. आम्ही त्याचे सोहळे केले, मीही फेटा बांधून मिरवले. पण पूर्वी कोऱ्या चेकवर तिची सही घेतली जायची, आता तिच्या डिजिटल सहीचं डोंगल दुसऱ्याच्या खिशात असतं. नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर ठेकेदाराच्या. रस्ता न होता बिल निघतं. पुढं चौकशी लागते तेव्हा कलम 39 खाली पायउतार ती होते, जबाब तिचा होतो, आणि गावात बोलणं होतं की बायांना कारभार जमत नाही. आमच्या एका प्रशिक्षणात एका सरपंचबाईला मी विचारलं, डोंगल कुठं आहे? ती म्हणाली, “ते काय असते, ताई?” प्रशिक्षणाचा तो तिसरा दिवस होता. दोन दिवस आम्ही ‘नेतृत्वगुण’ शिकवत होतो.

राजस्थानातल्या मजूर बाया आठवतात. मजुरीच्या हजेरीपटावर कुणाकुणाची खोटी नावं आहेत ते दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणं धरलं. तेव्हाही शहरातले लोक म्हणतच होते, की देशाचं काही होणार नाही. त्या बायांनी देशाबद्दल काही म्हटलं नाही. त्यांनी कागद मागितला. 2005 चा माहिती अधिकार कायदा तिथून चालत आला. आपल्याकडंही रोजगार हमीच्या हजेरीपटासाठी बायांनी काय कमी भांडणं केली आहेत! ती आपण विसरलो.

कागद मागायची आपली सवय सुटली आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 11 जिल्ह्यांतल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या 505 बायांशी बोलून त्यांचे हाल मांडले आणि जून 2019 मध्ये त्यांच्यासाठी शासन निर्णय निघाला. हे चळवळीनं मिळवलेलं आहे. पण तो निर्णय हातात घेऊन मी तालुक्याला गेले का? मी त्याच वर्षी पाचशे रुपये देऊन काम करून घेतलं, कारण ते लवकर होतं. 2015 पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत आणि किती फीत द्यायचा, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. कारण नसताना अडवून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे, कमीत कमी 500 रुपये. तेवढेच! मी हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही. जी रक्कम त्याच्या खिशातून जायला हवी होती, ती मी तिच्या पदरातून काढून दिली होती.

आणि मैत्रिणींनो, आपल्या संस्थांचं काय? आपण गावाला ताळेबंद मागतो. आपल्या संस्थेचा ताळेबंद आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्या बायांपुढं कधी वाचला? शिबिराचं जेवण चाळीस जणींचं आणि सह्या साठ जणींच्या, हे मी पाहिलं आहे. आपण त्याला ‘अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणतो. बाबू त्याला चहापाणी म्हणतो.

दिवाळीनंतर मी त्या बाईकडं गेले. कापूस वेचणीचे दिवस होते, ती शेतातच सापडली. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू. मोठी मुलगी आता बारावीला आहे. मी पाचशेची नोट काढली आणि म्हटलं, हे तुझे, त्या वेळचे. त्या दिवशी मी तुला द्यायला लावायला नको होते.

तिनं नोट घेतली नाही, परतही केली नाही. बोंड वेचता वेचता म्हणाली, “माह्ये त आले. बाकीच्या बायांचे?”

मी म्हटलं, कोणत्या बाया? तर तिला नावं माहीत होती. माझ्यानंतर त्या टेबलावर गेलेल्या, तिच्या गावातल्या, शेजारच्या दोन गावांतल्या. बांधावर बसून मी लिहून घेतली. अकरा झाली. पुढच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिनाला जिल्हाधिकारी कार्यालयात एकत्र जायचं ठरलं आहे. सात दिवसांचा नियम मी प्रत्येकीला घरी जाऊन समजावून सांगितला. लपवून नेणं बरोबर झालं नसतं. आमच्या एका वकील मैत्रिणीनं सल्ला दिला आहे, की अर्ज पैशाचा करू नका, दिरंगाईचा करा. तोही एक मार्ग आहे. पण चौघी म्हणतात, पैशाचाच करायचा. त्या चौघींच्या सह्या झाल्या आहेत. पाचवी सही माझी आहे. सहावीनं दोन दिवस मागून घेतले आहेत, तिला मुलाला विचारायचं आहे.